केसाएवढे भिंग : अतिजलद लेसरने घडणारी सूक्ष्म प्रकाशसाधने आणि पिकाचे निरीक्षण

नारळावरील कोळी ही कीड भारतात १९९८ मध्ये केरळात प्रथम नोंदली गेली आणि त्यानंतर तमिळनाडू, कर्नाटक व कोकण किनाऱ्यापर्यंत पसरली. तिची लांबी जेमतेम ०.२ मिलिमीटर असते. कोवळ्या फळाच्या देठाजवळ जी टोपी असते, तिच्या आत ही कीड राहते व तेथील कोवळ्या पेशींतील रस शोषते. टोपीच्या कडेखालून पांढरट त्रिकोणी चट्टा बाहेर डोकावू लागला की बागायतदाराला कीड आल्याचे कळते. तोपर्यंत टोपीखाली वसाहत भरलेली असते, आणि पुढे तो चट्टा तपकिरी होऊन साल तडकते. भात, द्राक्ष, मिरची वा पानवेल यांची कथा तपशिलात वेगळी असली, तरी गाभा हाच आहे. उपाय बहुधा ठाऊक असतो, औषधही बाजारात असते. निरीक्षण मात्र उशिरा होते. निरोगी डोळ्याला हातभर अंतरावरून साधारण ०.१ मिलिमीटरपर्यंतचा तपशील ओळखता येतो. त्याखालचे जग भिंगावाचून दिसत नाही, आणि टोपीच्या आड असेल तर साध्या भिंगानेही दिसत नाही.

हे भिंग स्वतःच केसाएवढे करता आले तर? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अतिजलद लेसरच्या साह्याने हे शक्य झाले आहे. प्रयोगशाळांत केसाच्या जाडीची भिंगसंच, कागदासारखी सपाट भिंगे आणि भिंगावाचून प्रतिमा घेणारे संकेत-पडदे तयार होत आहेत. हे तंत्र अजून शेतकऱ्याच्या हाती आलेले नाही. तथापि त्यावर आधारलेली उपकरणे, आणि त्याहून अधिक त्यांच्या जाहिराती, विस्तार कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचण्याची वेळ दूर नाही. म्हणून त्यामागील तत्त्व नीट समजून घेणे उपयुक्त ठरेल.

या लेखात विवेचनासाठी तमिळनाडूतील कुंभकोणम परिसराचा आधार घेतला आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा भाग भात, केळी, नारळ आणि पानवेल यांसाठी प्रसिद्ध आहे. जवळच आडुतुरै येथे १९२२ पासून भात संशोधन चालू असून ‘एडीटी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे भाताचे वाण तेथूनच आले. मराठी वाचकाला हा मुलूख परकाही नाही. तंजावरच्या मराठी राज्याचा हा प्रदेश. बडोद्याचे दिवाण म्हणून आपल्याला ठाऊक असलेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणम येथेच जन्मले. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे यांना नेत्ररोगांत विशेष रस होता. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, रुग्णाच्या डोळ्याच्या रंगीत चित्रांसह, आजही पाहावयास मिळतात. रोगाची स्थिती शब्दांत लिहून भागत नाही, तिची प्रतिमा जपावी लागते, ही जाणीव छायाचित्रण जन्माला येण्यापूर्वी तेथे होती.

आणखी एक कारण आहे. कुंभकोणमलगतच्या स्वामीमलै गावी पंचधातूच्या मूर्ती घडवण्याची परंपरा आजही चालू आहे. मधमाशीचे मेण, झाडाची राळ आणि शेंगदाण्याचे तेल यांच्या मिश्रणातून शिल्पी मूर्तीचा मेणाचा नमुना घडवितात. त्यावर कावेरीच्या गाळाची अतिशय मऊ माती लिंपली जाते, कारण मेणावरची बारीकशी रेषही त्या मातीत उमटली पाहिजे. त्यावर जाड मातीचे थर येतात. साचा तापवला की मेण वितळून वाहून जाते, रिकाम्या पोकळीत धातूचा रस ओततात आणि थंड झाल्यावर साचा फोडतात. एका साच्यातून एकच मूर्ती निघते. पुढे आपण जे लेसरचे घडवणे पाहणार आहोत, ते समजण्यास या कामाची बरीच मदत होते.

प्रथम भिंगाचा विचार करू. विस्तार कार्यकर्त्याच्या खिशात जे दसपट भिंग असते, त्याचे नाभीय अंतर २५ मिलिमीटर असते. हिशेब सोपा आहे: साध्या भिंगाची वर्धनक्षमता म्हणजे २५० मिलिमीटर भागिले नाभीय अंतर. अधिक मोठे दिसावे असे वाटत असेल तर नाभीय अंतर घटवावे लागते, आणि त्याबरोबर भिंगही लहान होत जाते. सतराव्या शतकात डच कापडव्यापारी लेव्हेनहूक यांनी मण्याएवढ्या भिंगांतून प्रथम जिवाणू पाहिले. त्यांच्या आज उपलब्ध असलेल्या भिंगांपैकी सर्वांत प्रभावी भिंग सुमारे २६६ पट मोठे दाखविते. मनू प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगापुढे मांडलेला कागदी सूक्ष्मदर्शक ‘फोल्डस्कोप’ याच तत्त्वावर चालतो. त्यातील काचेचा मणी अडीच मिलिमीटरांहूनही लहान असून तो १४० पट मोठे दाखवितो. आपल्याकडील अनेक शाळांत व काही कृषी उपक्रमांत तो वापरलाही गेला आहे.

मणी ओतणे सोपे, पण मणी हे उत्तम भिंग नव्हे. त्याच्या कडेने जाणारे किरण आणि मधून जाणारे किरण एकाच बिंदूत येत नाहीत, म्हणून प्रतिमेची कड पुसट होते. चांगल्या कॅमेऱ्यात हा दोष घालवण्यासाठी वेगवेगळ्या वक्रतेची चार-पाच भिंगे एकामागे एक बसवलेली असतात. काच घासून, पॉलिश करून अशी भिंगे बनवण्याची कला शतकानुशतकांची आहे. परंतु भिंगाचा व्यास एक मिलिमीटरच्या खाली गेला की ते पकडायचे कसे, घासायचे कसे आणि दुसऱ्याच्या बरोबर मध्यावर बसवायचे कसे, हे प्रश्न सुटेनासे होतात. मोबाइलच्या संवेदकावर प्रत्येक चित्रबिंदूपुढे एकेक सूक्ष्मभिंग असते हे खरे, पण ती सारी एकाच साध्या आकाराची असतात व वेगळ्या रीतीने, बहुवारिकाचे ठिपके तापवून गोलसर करून, बनवली जातात. हवा तो आकार, हव्या त्या जागी, मायक्रोमीटरच्या अचूकतेने घडवायचा असेल तर हत्यारही तितकेच बारीक हवे. ते हत्यार म्हणजे प्रकाश.

लेसरने कापणे आपल्याला नवे नाही. पत्र्याचे अवजारही आज लेसरने कापले जाते. पण साध्या लेसरने काच कोरली तर उष्णता आजूबाजूला पसरते, कड वितळते, तडे जातात. अतिजलद लेसरमध्ये प्रकाश सलग नसून अत्यंत तोकड्या स्पंदांच्या रूपाने येतो. एका स्पंदाचा अवधी १०० फेम्टोसेकंदांच्या आसपास असतो. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा एकावर पंधरा शून्ये इतकावा भाग. एका सेकंदाचे जे नाते सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांशी आहे, तेच एका फेम्टोसेकंदाचे सेकंदाशी आहे. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाशही १०० फेम्टोसेकंदांत केवळ ३० मायक्रोमीटर पुढे सरकतो. माणसाचा केस त्याहून जाड असतो.

इतक्या थोड्या वेळात ऊर्जा दिल्याने काय घडते? भाताचा एक दाणा अर्धा सेंटिमीटर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, ती साधारण एक मायक्रोज्यूल. एवढीच ऊर्जा १०० फेम्टोसेकंदांत दिली तर त्या क्षणापुरती शक्ती १० मेगावॅट भरते. ही शक्ती मायक्रोमीटरभर ठिपक्यात एकवटली की पदार्थातील इलेक्ट्रॉन तत्काळ सुटे होतात. त्यांच्याकडून ती ऊर्जा अणूंच्या रचनेकडे जाण्यास काही पिकोसेकंद, म्हणजे हजारो फेम्टोसेकंद, लागतात. तोवर स्पंद संपलेला असतो. ज्या ठिपक्यावर प्रहार झाला तेवढाच पदार्थ निघून जातो आणि शेजारच्या पदार्थाला फारशी झळ लागत नाही. (स्पंद फारच लागोपाठ आले तर उष्णता साचतेच, म्हणून स्पंदांमधील अंतर हाही कारागिरीचा भाग ठरतो.)

असे तीव्र स्पंद निर्माण करणे बराच काळ अशक्यप्राय होते, कारण तीव्रता वाढवताना लेसरची स्वतःचीच काच फुटे. ही अडचण दूर करणारी युक्ती जेरार्ड मुरू व डॉना स्ट्रिकलँड यांनी १९८५ मध्ये मांडली. पाटात एकदम पाणी सोडले तर बांध फुटतो. म्हणून ते पसरवून, हळूहळू आणतात. त्याप्रमाणे त्यांनी स्पंद प्रथम काळात लांबवून सौम्य केला, मग त्याचे वर्धन केले आणि शेवटी, काचेतून बाहेर आल्यावर, पुन्हा आखूड करून घेतला. या कार्यासाठी त्यांना २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. आज याच जातीचे लेसर डोळ्यांच्या शस्त्रक्रियांतही वापरले जातात. सरफोजी राजांना ते पाहून कुतूहल वाटले असते, यात शंका नाही.

सूक्ष्मभिंगे घडवण्याचे दोन मार्ग आहेत. एक कोरण्याचा, दुसरा रचण्याचा.

कोरण्याच्या मार्गात काचेवर स्पंदांनी ठरावीक अंतरावर बारीक खड्डे पाडतात आणि मग ती काच विशिष्ट आम्लात ठेवतात. लेसरचा मार बसलेला भाग आम्ल आधी खाते; खड्डा सर्व बाजूंनी सारखा वाढून गुळगुळीत वाटीचा आकार घेतो. अशा हजारो वाट्या शेजारी-शेजारी तयार झाल्या की ती अंतर्वक्र भिंगांची चादर होते. तीच साचा म्हणून वापरून तिच्यावर पारदर्शक रबरासारखे बहुवारिक ओतले तर बहिर्वक्र भिंगांच्या प्रती निघतात, आणि हा साचा स्वामीमलैच्या साच्यासारखा फोडावा लागत नाही. महागडे लेसरकाम एकदाच, प्रती मात्र पुष्कळ. शेतीसाठी काही स्वस्त मिळायचे असेल तर ते या वाटेने येण्याची शक्यता अधिक, असे वाटते. फेम्टोसेकंद लेसरने काचेच्या पृष्ठभागाला धक्का न लावता तिच्या पोटातही रेषा लिहिता येतात. जपानमध्ये हिराओ यांच्या गटाने १९९६ मध्ये काचेच्या आत प्रकाश वाहून नेणारे मार्ग अशा रीतीने लिहून दाखवले.

दुसरा मार्ग अधिक विस्मयकारक आहे. प्रकाश पडताच घट्ट होणारी एक द्रवरूप राळ घेतात. अतिनील प्रकाशाच्या एका कणात ती घट्ट करण्याइतकी ऊर्जा असते; लाल वा अवरक्त प्रकाशाच्या एका कणात नसते. मोट दोन बैलांनी ओढायची असेल तर एकट्या बैलाने ती हलत नाही, आणि दोन बैल एकामागून एक जुंपूनही उपयोग नाही; दोघांनी एकाच वेळी जोर लावला पाहिजे. त्याचप्रमाणे अवरक्त प्रकाशाचे दोन कण एकाच क्षणी एकाच रेणूने शोषले तर काम होते. ही शक्यता मारिया ग्योपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये गणिताने मांडली होती. लेसरचा शोध लागल्यावर १९६१ मध्ये ती प्रयोगाने सिद्ध झाली. दोन कण असे एकत्र सापडण्याचा संभव प्रकाशाच्या तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून लेसरकिरण राळेतून आरपार गेला, तरी ती घट्ट होते केवळ त्याच्या नाभीच्या ठिपक्यात. तो ठिपका संगणकाच्या आज्ञेनुसार वर-खाली, आजूबाजूला फिरवला की द्रवाच्या पोटात हवा तो आकार उभा राहतो. शेवटी द्रावकाने धुतले की न गोठलेली राळ वाहून जाते. स्वामीमलैत आकार मेणाचा असतो व तोच वाहून जातो. येथे आकार राहतो आणि भोवतालचे वाहून जाते.

जपानमधील ओसाका विद्यापीठात कावाता व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या पद्धतीने चक्क एक बैल घडवला: लांबी १० मायक्रोमीटर, उंची ७ मायक्रोमीटर. रक्तातील तांबड्या पेशीएवढा हा बैल त्या काळी जगभर गाजला. गंमत बाजूला ठेवली तरी त्यातून ०.१ मायक्रोमीटरच्या आसपासचा तपशील साधता येतो हे सिद्ध झाले, आणि भिंगाला नेमकी तीच गुळगुळीत अचूकता लागते. जर्मनीतील श्टुटगार्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये अनेक भिंगांचा पूर्ण संच एकाच बैठकीत, प्रकाशतंतूच्या टोकावर, सुमारे १०० मायक्रोमीटर रुंदीत छापून दाखवला. भिंगे जुळवण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण ती जुळलेल्या अवस्थेतच जन्माला आली. पुढच्याच वर्षी त्यांनी कॅमेऱ्याच्या संवेदकावर थेट चार भिंगसंच छापले. प्रत्येकाचे नाभीय अंतर वेगळे. त्यामुळे गरुडाच्या डोळ्याप्रमाणे मधला भाग तपशीलवार आणि भोवतालचा भाग विस्तृत दिसू लागला.

भिंग जाडच असले पाहिजे असेही नाही. समुद्रकाठच्या दीपगृहात वलयावलयांचे जे भिंग असते, ते फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याचे. १८२३ मध्ये ते प्रथम दीपगृहात बसले. हाच विचार अधिक सूक्ष्म केला की प्रकाशाच्या विवर्तनावर चालणारे सपाट भिंग मिळते. एक उदाहरण घेऊ. हिरवट प्रकाशासाठी, म्हणजे ०.५ मायक्रोमीटर तरंगलांबीसाठी, ५ मिलिमीटर नाभीय अंतराचे व १ मिलिमीटर व्यासाचे भिंग हवे आहे. हिशेब केला तर त्यावर १०० वलये लागतात. मधले वर्तुळ ५० मायक्रोमीटर त्रिज्येचे, आणि सर्वांत बाहेरचे वलय अवघे २.५ मायक्रोमीटर रुंद. काचेत कोरायची खोली अर्धा मायक्रोमीटर. हे काम कोणत्याही छिन्नीचे नव्हे. अशा दोन पातळ्यांच्या भिंगात आलेल्या प्रकाशापैकी फार तर ४० टक्के हव्या त्या नाभीत जातो; पायऱ्या चार केल्या तर ८१ टक्के, आठ केल्या तर ९५ टक्के. म्हणजे जितकी कारागिरी बारीक तितकी प्रतिमा उजळ.

या सपाट भिंगाचा एक मोठा दोष आहे, आणि विक्रेता तो सांगेलच असे नाही. त्याचे नाभीय अंतर रंगानुसार बदलते. वरच्या उदाहरणातील भिंग हिरवट प्रकाशाला ५ मिलिमीटरवर एकवटते, पण ०.६५ मायक्रोमीटरच्या तांबड्या प्रकाशाला ३.८५ मिलिमीटरवरच. साध्या उजेडात अशा भिंगातून घेतलेले पानाचे छायाचित्र रंगीत झालर घेऊन येते. एकाच रंगाच्या दिव्याखाली मात्र ते उत्तम काम करते. दोषाचा उपयोगही करता येतो: संवेदक पुढे-मागे सरकवून एकेक रंगाची वेगळी प्रतिमा घेता येते, आणि पिकाच्या परीक्षणात आपल्याला बहुधा तेच हवे असते.

या विषयात भारतात चांगले काम झाले आहे. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये विवर्तनी भिंगांवर दीर्घकाळ संशोधन होत असून, विजयकुमार आनंद व प्राध्यापक शांती भट्टाचार्य यांनी अशा साधनांच्या आराखड्यावर आणि निर्मितीवर लिहिलेला ग्रंथ २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील संगणकीय आज्ञावल्या वापरून पदव्युत्तर विद्यार्थीही वलयांचा आराखडा तयार करू शकतो. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र येथे अतिजलद, अतितीव्र लेसरांच्या मोठ्या प्रयोगशाळा आहेत. त्यांचे उद्दिष्ट वेगळे असले तरी या लेसरांची जाण असणारे मनुष्यबळ देशात आहे ते अशा ठिकाणांमुळे.

भिंगावाचून प्रतिमा ही कल्पना येथे थोडी विस्ताराने सांगावी लागेल. सूर्यग्रहणाच्या वेळी झाडाखाली उभे राहिलेल्यांनी पाहिले असेल की पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे होतात. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात महाराष्ट्रातही हे दिसले. प्रत्येक फट सूर्याची एकेक प्रतिमा पाडत असते. फट एकच असेल तर प्रतिमा स्पष्ट पण मंद. फटी अनेक असतील तर उजेड भरपूर पण प्रतिमा एकमेकींवर चढलेल्या. मात्र फटींची जागा आपल्याला नेमकी ठाऊक असेल तर गणिताने त्या प्रतिमा वेगळ्या काढून एक स्पष्ट प्रतिमा जुळवता येते. २०१५ मध्ये अवकाशात गेलेल्या भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावरील एक क्ष-किरण उपकरण याच तत्त्वाच्या संकेत-पडद्यातून आकाश पाहते, आणि त्याच्या नोंदींचे काम पुण्याच्या आयुका संस्थेतून चालते. दृश्य प्रकाशासाठी विजयकुमार व इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातील जोसेफ रोझेन यांच्या गटाने २०१६ मध्ये याच जातीची पद्धत मांडली. सूक्ष्म नक्षीच्या पडद्यातून एका ठिपक्याचा प्रकाश गेला की संवेदकावर एक विखुरलेली आकृती उमटते. ती त्या पडद्याची जणू सही. ठिपका जवळ-दूर केला तर सही बदलते. या सह्या आधी नोंदवून ठेवल्या की पुढे कोणत्याही वस्तूच्या एकाच छायाचित्रातून, कोणता भाग किती अंतरावर आहे यासह, प्रतिमा गणिताने उभी करता येते. असे पडदे घडवण्यासही अतिजलद लेसर कामी येतो.

आता मूळ प्रश्न: पिकाला याचा काय उपयोग?

सर्वांत जवळचा उपयोग बहुवर्णी प्रतिमांचा दिसतो. निरोगी हिरवे पान तांबडा प्रकाश बहुतांशी शोषून घेते आणि अवरक्ताजवळचा प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. हरितद्रव्य घटले की या दोहोंमधील उंबरठा, जो ०.७ मायक्रोमीटरच्या थोडा पलीकडे असतो, तांबड्या बाजूकडे सरकतो. पान पिवळे पडल्याचे डोळ्याला जाणवण्यापूर्वी हे मोजता येऊ शकते. ड्रोनवरील बहुवर्णी कॅमेरे आजही हे करतात, पण ते महाग व जड असतात. प्रत्येक रंगासाठी वेगळे सूक्ष्मभिंग एकाच संवेदकावर छापले तर तेच काम नखाएवढ्या जागेत होईल. येथे एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. असा कॅमेरा पान संकटात आहे एवढेच सांगतो. नत्र कमी पडले, मुळाशी पाणी साचले की पानवेलीला मूळकूज लागली, हे सांगत नाही. मुळाशी जाऊन उकरून पाहणारा माणूस लागतोच.

दुसरा उपयोग आडोशातले पाहण्याचा. नारळाच्या टोपीखाली, केळीच्या पोंग्यात, भाताच्या आव्याच्या आवरणात केसाएवढा तंतू सरकवून पाहता आले तर फळ वा फुटवा न तोडता वसाहत ओळखता येईल. आजघडीला कोळी पाहण्यासाठी फळ तोडून टोपी सोलावी लागते, आणि उंच माडावर चढणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. असा शोधक लांब काठीवर बसवून वर नेता आला तर त्याचे मोल मोठे ठरेल. मात्र प्रत्येक ठिकाणी या तंत्राचा आग्रह धरणे योग्य नव्हे. कपाशीतील गुलाबी बोंडअळीचेच पाहा: वीस हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहणे ही शिफारस साधी, बिनखर्ची आणि खात्रीची आहे. तेथे प्रकाशतंतूची गरज नाही. द्राक्षावरील फुलकिडे सुमारे एक मिलिमीटर लांब असतात. पांढऱ्या कागदावर कोवळा शेंडा झटकला आणि दसपट भिंग धरले की ते मोजता येतात. लाल कोळीही याच भिंगात सापडते. ज्या किडीसाठी खिशातले भिंग पुरते, तिच्यासाठी नवे उपकरण घेणे म्हणजे निरीक्षणाचा कंटाळा पैशाने झाकणे होय.

तिसरा उपयोग जागेवर रोगकारक ओळखण्याचा. केवड्याचे बीजाणू वा तेल्या रोगाचे जिवाणू पाहायचे तर मायक्रोमीटरच्या घरातील तपशील लागतो. भिंगावाचून प्रतिमा घेणाऱ्या पद्धतीत काचपट्टीवरील सर्व नमुना एकाच छायाचित्रात, खोलीसह, टिपता येत असल्याने पानावरच्या पाण्याच्या थेंबातील बीजाणू मोजणे तत्त्वतः शक्य आहे. पण सही नोंदवताना असलेला प्रकाश आणि शेतातील प्रकाश यांत फरक पडला की गणित चुकते. प्रयोगशाळेबाहेर हे उतरवणे अजून बाकी आहे.

खर्चाविषयी दोन शब्द. अतिजलद लेसरची पूर्ण यंत्रणा कोटींच्या घरात जाते, ठिपक्याठिपक्याने रचण्याची पद्धत मंद असते आणि काच खाणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल अत्यंत घातक असते. हे काम गावपातळीवर करण्याचे नाही. शिवाय या लेसरांचा प्रकाश बहुधा अदृश्य अवरक्त असतो. डोळ्याला काही दिसण्यापूर्वीच इजा झालेली असते. भिंगे संस्थांत बनतील, साच्यावरून प्रती निघतील आणि उपकरण उद्योगाकडून येईल, असाच क्रम संभवतो. त्यानंतरही टिकाऊपणाचा प्रश्न आहे. राळेपासून बनवलेली भिंगे कडक उन्हात कालांतराने पिवळी पडू शकतात. कोकणची वा कावेरीकाठची दमट हवा, फवाऱ्याचे तुषार आणि धूळ यांत ती किती हंगाम टिकतात हे पाहावे लागेल. काचेत कोरलेली भिंगे या बाबतीत सरस ठरावीत.

मधल्या काळात ‘सूक्ष्मभिंगयुक्त’ असे बिरुद लावलेले एखादे उपकरण प्रात्यक्षिकासाठी आले, तर कार्यकर्त्यांनी पटीचा आकडा विचारू नये. मोठे दिसणे आणि स्पष्ट दिसणे या निराळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर बोटांनी ताणूनही चित्र मोठे होते. किती मायक्रोमीटर अंतरावरच्या दोन रेषा वेगळ्या दिसतात, ते विचारावे. तपासणी शेतातच करता येते: सूक्ष्म रेघांची मोजपट्टी पानाशेजारी ठेवून एकदा मध्यभागी व एकदा कडेला छायाचित्र घ्यावे. मध्याइतकी कड स्पष्ट नसेल तर मोजणीसाठी ते उपकरण निरुपयोगी. उपकरण दुपारच्या उन्हात आणि ढगाळ सकाळी, दोन्ही वेळा चालवून पाहावे. ज्या पिकासाठी ते विकले जात आहे त्याच पिकावर, दसपट भिंग घेतलेल्या अनुभवी माणसाची मोजणी आणि उपकरणाची मोजणी किमान पन्नास पानांवर शेजारी-शेजारी लिहून काढावी. फरक कुठे पडतो ते त्या तक्त्यातच दिसते. नारळाच्या बाबतीत तर तुलनेचा मार्ग सरळ आहे. उपकरणाने टोपीखाली पाहिलेली फळे खूण करून उतरवावीत, टोपी सोलावी आणि कोळ्यांची प्रत्यक्ष संख्या नोंदवावी. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी अशी तुलना दोन पावसाळ्यांच्या मधल्या कोरड्या महिन्यांत, जेव्हा कोळ्याचा जोर वाढतो, घेता येण्याजोगी आहे.